चार बोटांनी अरुंद दार

२० मे, मंगळवार

ठरलं एकदाचं हॉटेल! हारूननं मोबाइल माझ्यापुढं धरला, म्हणाला, "नीट बघून घे. नंतर मला बोलायचं नाही."

बघितलं. बोटांनी मोठं करकरून बघितलं. रुंद दार, त्यावर चाकाच्या खुर्चीचं निळं चित्र. बाथरूमला उंबरा नाही. भिंतीला स्टीलचे दांडे, बसून अंघोळ करायला पांढरी बैठक, हातात धरायचा शॉवर. खाली लिहिलेलं – 'दिव्यांग पाहुण्यांसाठी खास सहकुटुंब खोली.'

आतिफचं लग्न आहे. माझा एकुलता एक भाऊ, आणि मी जाणार कशी हाच घोर होता. अब्बांचं घर सोलापुरात, नवी पेठेच्या मागच्या बोळात, दुसऱ्या मजल्यावर. जिना असा, की वरून कुणी उतरत असेल तर खालच्यानं थांबायचं. नोकरीवर जाताना उसाच्या ट्रॉलीनं माझ्या स्कूटीला उडवलं त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून तो जिना मी चढलेली नाही. अम्मी-अब्बा येऊन जातात टेंभुर्णीला. माझं माहेर म्हणजे फोन.

कुणाला सांगणार नाही, इथं लिहिते – मला लग्नापेक्षा त्या बाथरूमची ओढ लागली आहे. वेड्यासारखी! अपघातानंतर पुण्याच्या पुनर्वसन सेंटरमध्ये मी एकटीनं अंघोळ करायला शिकले होते. खुर्चीवरून बैठकीवर फळी टाकायची आणि हातांच्या जोरावर सरकायचं. तिथल्या ताई म्हणायच्या, मुमताज मॅडम, तुमचे दंड पैलवानाचे झाले. घरी आले आणि सगळं बुडालं. आमची भाड्याची मोरी – त्यात बादली आणि माणूस एकदम मावत नाही, खुर्ची कुठली? आधी सासूबाई घालायच्या अंघोळ. त्या वारल्या. तेव्हापासून आयेशा. माझी पंधरा वर्षांची पोर! मला उचलते, धुते, पुसते, कपडे चढवते, मग दप्तर उचलून पळते. दहावी अशीच दिली तिनं.

हारून पहाटेच केळीचा टेम्पो घेऊन जातो. घरी असला तरी, नवरा असून, मला अंघोळ घालणं त्याला जमत नाही. आम्ही त्यावर बोलत नाही.

तर – लग्नाचे दिवस तरी माझी अंघोळ माझ्या हातानं. आणि आयेशा मोकळी.

२१ मे, बुधवार

बॅग भरली. हिरवा जरीचा ड्रेस काढला, अपघाताआधीचा. कमरेत सैल होतोय. आयेशा म्हणाली, "मम्मी, तू मघापासून हसतेयस काय?"

२२ मे, गुरुवार. सोलापूर

काय लिहू.

हॉटेलच्या पुढं पायऱ्या. चांगल्या पाच-सहा, गुळगुळीत. हारून आत जाऊन विचारून आला. रॅम्प आहे, पण मागनं. मागनं म्हणजे भटारखान्यातून! गॅसच्या टाक्या, कांद्याची पोती, तेलाचे डबे. तो उतार माझ्यासाठी नाहीच, माल चढवायला केलेला, छातीवर येणारा. हारून आणि एक वेटर मागून ढकलत होते, आयेशा पुढून ओढत होती. कांदा चिरणारी माणसं हात थांबवून बघत होती. मी मांडीवरच्या पर्सकडं बघत राहिले. तोंडावरून घाम गळत होता, पुसायला हात सोडायची भीती.

खोलीचं दार रुंद आहे. निळं चित्रही आहे. आत तीन पलंग दाटीनं कोंबलेले – 'फॅमिली म्हणला म्हणून जादा टाकलाय' – त्यामुळं खुर्ची दारातून आत येते आणि तिथंच राहते. वळत नाही.

आणि बाथरूम.

हारून खुर्ची पुढं घेत होता, चाकं चौकटीला अडली. त्याला वाटलं वाकडी लागली. परत मागं घेतली, परत लावली. परत अडली. मी हात लावून बघितलं – चार बोटं कमी. फक्त चार बोटं! वर उंबरा. बैठक नाही. दांडा एकच आहे, तोही भलत्याच भिंतीला, टॉवेल वाळत घालायला लावावा तसा.

मॅनेजर आला. सिद्धराम नाव, चांगला हसतमुख माणूस. म्हणाला, "त्यो फोटो आमच्या दुसऱ्या हाटेलचा हाय, मॅडम. पुण्याकडचा. हितं बी तसंच करायचंय, काम काढलंय."

हारून म्हणाला, "मग दारावर चित्र कशाला लावलं?"

"नियम हाय की त्यो. लावावं लागतंय." मग माझ्याकडं न बघता हारूनलाच, "काय काळजी करू नका. आमची पोरं हायत, उचलत्यात की!"

उचलतात. जणू मी गादी.

दुसरं हॉटेल बघू म्हणाला हारून. तासभर फोन लावत बसला. लग्नसराई, सगळीकडं भरलेलं. जिथं जागा होती तिथं लिफ्टच नाही.

अंघोळ शेवटी आयेशानंच घातली. खोलीच्या मधोमध, प्लास्टिकच्या खुर्चीत, बादली-मग्यानं. पाणी पलंगांखाली गेलं. हारून बाहेर पॅसेजमध्ये उभा. खोल्या पुसणारी बाई आली – निंगव्वा, अक्कलकोटकडची. दारातूनच म्हणाली, "अय्यो! हितं न्हाताय व्हय? मोरी हाय की आत!"

आयेशानं फडकं मागून घेतलं आणि स्वतःच पुसायला बसली.

२३ मे, शुक्रवार

आज हळद.

सकाळी मामूंची दोन मुलं आली. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्यानं वर न्यायचं ठरवून आलेली. चांगली मुलं आहेत, त्यांचा काही दोष नाही. मी नाही म्हणाले. अरुंद जिना, वर-खाली बायका उभ्या, आणि दोन पुरुषांच्या हातात मी. कुठं धरायचं त्यांना कळत नाही. कुठं धरलंय ते मला कळत नाही. ओढणी सावरायची की खुर्ची धरायची? हॉस्पिटलात चाललं, तिथं मी पेशंट होते. भावाच्या हळदीला मी पेशंट म्हणून जाणार नाही.

हारून म्हणाला, "एवढ्यासाठीच तर आलो ना?" चिडला होता. त्याचंही खरं.

दुपारी अब्बा आले. एकटे, चालत, उन्हातून. लालसाब टेलर म्हटलं की अजून पेठेत लोक वाट सोडतात, पण गुडघे पार गेले त्यांचे. अम्मीनं दालचा-खाना दिला होता डब्यात. ते पलंगावर बसले, मी खुर्चीत, आणि आम्ही फोनवर हळद बघितली. आयेशानं वरून व्हिडिओ लावला होता. आतिफ पिवळाधमक. बायका गात होत्या. एकेक जण फोनमध्ये तोंड घालून विचारून जायची, "कैसी है गे मुमताज?" मग फोन या हातातून त्या हातात गेला आणि कुणीतरी तो कुठंतरी उताणा ठेवला. नंतर फक्त पंखा दिसत होता. वर गरगर फिरणारा. आवाज सगळे ऐकू येत होते.

आम्ही बापलेक पंखा बघत बसलो.

मी म्हटलं, "अब्बा, तुमच्या लेकाची हळद आहे. जा तुम्ही."

"जाताव की," म्हणाले. पण उठले नाहीत. पंख्याकडं बघतच म्हणाले, "मुमताज, घर नीचे कायकू नै लिया मैं, उस वक्त..." डबा उचलला आणि गेले.

२४ मे, शनिवार

काही नाही. ऊन. एसी ठिबकतोय, खाली मग ठेवलाय.

आयेशा दिवसभर तिथून इथं, इथून तिथं. मला खायला घालायचं, कुशीवर वळवायचं, लघवीची नळी-पिशवी बघायची, की पळाली. सगळ्या पोरींनी मेंदी काढली. हिची राहिली. कोरडे हात कधी मिळाले तिला?

२५ मे, रविवार

आज निकाह. संध्याकाळी मशिदीत, मग हॉलमध्ये जेवण. हॉल तळमजल्यावर आहे – तिथं मी जाणार! हारून न्यायला येणार आहे.

आयेशाला दुपारी पिटाळलं. "जा, दोन्ही हातांना काढून घे. कोपरापर्यंत!"

"आणि तुझी अंघोळ?"

"मी करते माझी."

"कशी?"

"तू जा गं."

गेली. जाताना दारातून दोनदा वळून बघितलं. आता खोलीत मी एकटी. हिरवा ड्रेस पलंगावर पसरून ठेवलाय. फळी आहे. प्लास्टिकची खुर्ची आहे. सकाळपासून डोक्यात एक युक्ती आहे. बघू!

२६ मे, सोमवार. सकाळ

काल लिहिणं झालं नाही.

युक्ती अशी होती. माझी खुर्ची दारातून जात नाही, पण मी जाते ना? प्लास्टिकची खुर्ची बाथरूमच्या आत ढकलायची, उंबऱ्यापलीकडं. माझी चाकं चौकटीला टेकवून ब्रेक लावायचे. मध्ये फळी. सरकायचं. सेंटरमध्ये यापेक्षा अवघड केलेलं आहे.

फळी बरोबर बसली. अर्ध्यावर गेलेही. फळीवर बसून एक क्षण असा आला की मी दारात होते – अगदी दारात, आत ना बाहेर – आणि मी जोरात हसले. एकटीच! मग पलीकडं झुकायला दांडा धरला, आणि तो आला हातात. भिंतीतून, स्क्रूसकट. प्लास्टिकची खुर्ची घसरली आणि मी खाली. पाय उंबऱ्यावर, मी आत, फरशीवर. खांदा आपटला. डोकं नाही आपटलं – असं वाटलं तेव्हा.

फोन पलंगावर. ड्रेसशेजारी.

आधी हाका मारल्या. हॉटेलच्या पुढच्या लॉनवर दुसरं एक लग्न होतं, बँड चालू. माझा आवाज मलाच ऐकू येईना. मग कोपरांवर सरकायचा प्रयत्न केला. फरशी ओली, धरायला काही नाही, आणि पाय अडकलेले. आपलेच पाय, पण दुसऱ्याच कुणाचे तरी असल्यासारखे तिथं वर पडलेले. ओढून खाली घ्यायलाही हात पुरेना.

नळी निघाली. कपडे ओले झाले. कळलं नाही, वासानं कळलं.

किती वेळ गेला माहीत नाही. बँड थांबला. मग अजान झाली, मग आणखी बराच वेळ. आत्ता निकाह लागत असेल, आत्ता खजूर वाटत असतील, आत्ता अम्मी रडत असेल. सगळं डोळ्यापुढं येत होतं. मी वर बघत होते. बाथरूमच्या छताला ओल आली आहे, त्याला पापुद्रे सुटलेत. मेले असते तर बरं झालं असतं असं मी हॉस्पिटलात म्हणायचे, रडून, कुणीतरी ऐकावं म्हणून. काल तसं नव्हतं. काल शांतपणे वाटलं. कुणी ऐकायला नव्हतं.

निंगव्वानं दार उघडलं. किल्ली होती तिच्याकडं. "अय्यो शिवा! यव्वा!" – आणि पहिल्यांदा काय केलं, तर तुटलेला दांडा उचलून बघितला. "हे तुमी तोडलं व्हय? माज्यावर येतंय आता."

तिला मी उचलवेना. पोरांना बोलावते म्हणाली. मी म्हटलं, नाही, आधी मला झाक. तिनं पलंगावरची चादर ओढली, मला गुंडाळलं, पाय जवळ केले, तोंड पुसलं. मग बोलावलं. दोन वेटर. मी डोळे मिटून घेतले. एकानं बगलेत धरलं, एकानं पायांना. पलंगावर ठेवलं – हिरव्या ड्रेसवरच.

उचललंच शेवटी त्यांनी.

निंगव्वा हळूच म्हणाली, "तुमी बी काय बोलू नगा, मी बी बोलत न्हाई. सायब म्हनल, खोली वेळेवर का बघितली न्हाईस." मी मान हलवली. तिलाही नोकरी आहे.

पण वेटरनं खाली सांगितलं, मॅनेजरनं हारूनला फोन केला. हारून आला तेव्हा अंगात शेरवानीसारखा नवा कुडता, गळ्यात फुलांचा हार तसाच. आधी मला बघितलं, डोक्याला टेंगूळ आलं होतं. मग पॅसेजमध्ये मॅनेजरवर ओरडला, गळपट्टी धरली म्हणे. मॅनेजर म्हणत होता, "आमी म्हनलो हुतो की, हाक मारा, पोरं उचलत्यात!" शेजारच्या खोल्यांची दारं उघडली. मला वाटत होतं, हारून, बास. आत ये. दार लाव.

आत आला. दार लावलं. आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "थांबता येत नव्हतं तुला? थोडा वेळ? एक दिवस?"

मी दोन वर्षं थांबलेच आहे.

मग आयेशा आली. धापा टाकत. दोन्ही हातांना मेंदी, कोपरापर्यंत, नंबर उशिरा लागल्यानं अजून ओली, हात समोर धरलेले. खोलीत बघितलं, मला बघितलं, चादर बघितली. बेसिनपाशी गेली आणि नळ सोडला. मला इथून दिसत होतं. तपकिरी पाणी जात होतं. घासघासून धुतली. हात पुसले, बाह्या वर केल्या, आणि आली मला आवरायला.

नुसता पिवळट रंग चढलाय तिच्या हातांवर.

निकाह झाला. जेवण झालं. आम्ही तिघं खोलीत होतो.

२७ मे, मंगळवार. सकाळ

काल संध्याकाळी वलीम्याची मेजवानी. गेले मी. साधा ड्रेस घातला. हॉलला पायरी एकच होती, आतिफनं आणि हारूननं खुर्ची वर घेतली. आतिफ वाकून म्हणाला, "आपा, मैं आता था कल... निकाह छोड़कर आता था।" त्याचे डोळे भरले. मी म्हटलं, वेडा आहेस का. नव्या भावजयीनं माझा हात धरून डोळ्यांना लावला. गोड आहे.

मला बायकांच्या बाजूला कूलरजवळ ठेवलं. हवा लागेल म्हणून. ठेवलं आणि सगळ्या कामाला लागल्या. येता-जाता कुणीतरी डोक्यावर हात फिरवायची. "सबर करो, बेटी." ताट आलं. मोठ्या कूलरचा आवाज, मागं कापडी पडदा, पडद्यामागं भांडी.

पडद्यामागं आयेशा रडत होती. अम्मी तिला धरून बसली होती. कूलर मध्येच बंद पडला – लाइट गेली – आणि सगळं ऐकू आलं. ती आमच्या बोलीत बोलत होती. मी मराठीत लिहिते, म्हणजे जरा लांबून लिहिता येईल.

"नानी, मला घरी जायचं नाही."

"असं नाही बोलायचं, बेटी."

"मम्मी पडली म्हणून फोन आला ना, तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं माहितीये? मम्मीला लागलं असेल, ते नाही आलं. आता मेंदी धुवावी लागणार, हे आलं. मला राग आला तिचा, नानी. ती तिथं पडलेली आणि मला राग आला." मग हुंदके. "मी वाईट आहे का?"

अम्मी म्हणाली, "चूप. बाहर मम्मी बैठी है।"

लाइट आली. कूलर चालू झाला. मी ताटातला भात कालवत राहिले.

थोड्या वेळानं आयेशा बाहेर आली, तोंड धुऊन. माझ्याजवळ बसली. म्हणाली, "मम्मी, आइस्क्रीम आणू? विरघळायच्या आत?"

"आण," म्हणाले.

शरीर गेलं, नोकरी गेली, ते मी सोसलं. मी आई आहे एवढं तरी उरलं होतं. ते काय आहे हे काल कळलं – पोरीच्या उरावर ठेवलेला धोंडा आहे. तिला बोल लावायला जागा नाही. तिच्या जागी मी असते तर मलाही हेच वाटलं असतं. यातून वाट दिसत नाही. तिला सोडलं तर मी कशी राहू? नाही सोडलं तर ती मला मनातून मेलेलीच बघणार, आज ना उद्या.

हारून बॅगा भरतोय. निघायचं आहे.

३० मे, शुक्रवार. टेंभुर्णी

आयेशा सोलापुरात आहे. अकरावी तिथंच करणार, नानीजवळ राहून. मीच म्हणाले – निघताना, खाली बोळात, सगळ्यांच्या देखत, म्हणजे मला माघार घेता येऊ नये. ती नाही नाही म्हणाली. मग पळत जिना चढून वर गेली, आणि गाडी वळेपर्यंत गॅलरीतून हात हलवत होती.

तीन दिवस मला अंघोळ नाही.

आज हारून टेम्पो घेऊन गेलाच नाही. पाणी तापवलं. दार लावून घेतलं. बाह्या वर करून माझ्यापुढं उभा राहिला.

"सांग," म्हणाला. "पहिलं काय करायचं?"